चार्जर स्मार्ट आहे, पण अ‍ॅपचं काय?

ईव्ही घ्यायची चर्चा आता नांदेड-लातूरच्या घरांतही रंगते. गाडीचा रंग घरचे ठरवतात, पण चार्जरचं अ‍ॅप आपल्याच गळ्यात पडतं! मग निवडताना काय बघायचं?

आधी वेग. ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर साधारण ९ तासांत भरते, ७.२ किलोवॉटच्या वॉल बॉक्सवर सव्वाचार तासांत. मात्र मोठ्या चार्जरसाठी मीटरचा मंजूर भार वाढवावा लागू शकतो.

मग वेळ. परदेशातली बरीच अ‍ॅप्स 'रात्रीची वीज स्वस्त' असं धरून चालतात. आपल्याकडे उलटं! महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. म्हणजे २५ युनिटला २० रुपये वाचले. त्यामुळे चार्जिंगची वेळ स्वतः लावता येईल असंच अ‍ॅप हवं.

लाइट गेली तर? परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं का, वायफाय बंद असताना ब्लूटूथ किंवा कार्डवर चालतं का, हे दुकानातच विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. २०२४ मध्ये एनेल एक्स वे कंपनीने अमेरिकेतला गाशा गुंडाळायचं ठरवलं. घरातले ज्यूसबॉक्स चार्जर गाडी चार्ज करतील, पण अ‍ॅप मिळणार नाही, असं ग्राहकांना कळवलं गेलं. म्हणून चार्जरला 'ओसीपीपी' चालतं का, ते बघाच. ही खुली पद्धत असली, की दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाट उरते. भिंतीवरचा चार्जर वर्षानुवर्षं राहतो. अ‍ॅप राहीलच असं नाही.