होडीला छप्पर हवं, पांघरूण नको

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या कुठल्याही बंदरावर गेलात, तर होड्या वर ओढण्याची लगबग दिसते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. आणि उधाणलेल्या समुद्रात लहान होडी लोटण्याचं धाडस तसंही सहसा कोणी करत नाही. मग नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर विसावते. वर निळी ताडपत्री टाकली, दोरीनं करकचून आवळली, की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण ज्या होडीवर घर चालतं, तिचं नुकसान पुष्कळदा समुद्रात होत नाही, या ताडपत्रीखालीच होतं.

ऐकायला विचित्र वाटेल, पण लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त बाधतं. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात नीट वाढत नाही. गोडं पाणी फळ्यांच्या सांध्यांत मुरलं, ऊब मिळाली आणि हवा खेळली नाही, की तिचं फावतं. होडी फायबरची असली तरी निर्धास्त राहू नका. इंजिन ज्यावर बसतं त्या मागच्या भिंतीत बऱ्याचदा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत सडतं. बाहेरून रंग मात्र नवाकोरा!

तेव्हा पाऊस अडवणं हे अर्धंच काम झालं. आतली वाफ बाहेर जाऊ देणं हे उरलेलं अर्धं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब ओघळतात ना, तसंच इथं होतं. आषाढात एखादी उघडीप मिळते, ऊन पडतं, होडीतली ओल तापते. ती वाफ प्लॅस्टिकला लागते आणि गार झाली की पुन्हा होडीतच ठिबकते. वरून थेंब गळत नाही, तरी आत पाऊस सुरूच.

जुन्या पद्धतीत होडीवर बांबूचा सांगाडा उभारत आणि त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालत. पाणी वरून निथळायचं, वारा मधून शिरायचा. दरवर्षी नवे झाप विणण्याचे कष्ट कोण घेणार, म्हणून ताडपत्री आली. त्यात वावगं काहीच नाही. पण झापांबरोबर सांगाडाही गेला, हे वाईट झालं.

तो सांगाडा परत आणायला हवा. होडीच्या मधोमध, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, आढ्यासारखा एक बांबू उंचावर बांधा. उतार कौलारू घराइतका तरी असू द्या. ताडपत्री सपाट राहिली तर झोळ पडतो, आणि १ चौरस मीटरच्या झोळात १० सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन १०० किलो भरतं! रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घ्या. ताडपत्रीची कड होडीच्या काठाखाली वीतभर उतरवा, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतील. पुढची-मागची तोंडं मात्र मोकळी ठेवा. पाऊस ज्या बाजूनं तिरपा येतो, तिथं हवा तर एखाद्या झापाचा आडोसा करा.

दोरी होडीच्या पोटाखालून घ्या. होडीला दिलेल्या टेकूंना ती कधीही बांधू नका. वाऱ्यात ताडपत्री फडफडली की टेकू ओढला जातो आणि होडी कलंडते. दगड लोंबकळत ठेवण्याची रीतही बरी नव्हे. ते झुलून बाजूवर आपटत राहतात. जिथं कोपरा घासतो तिथं गोणपाट किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

झाकण्याआधी होडी गोड्या पाण्यानं धुवायलाच हवी, कारण वाळलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. मग ती सुकू द्या. पण लाकडी होडी कडक उन्हात दिवसच्या दिवस तापवू नका, फळ्या आकसून सांधे उघडतात. नाळ किंचित उंच ठेवून तळाचं बूच काढा आणि ते डोळ्यांसमोर टांगून ठेवा. पेट्रोलची टाकी होडीत ठेवू नये. तिची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचून राहते.

आणि मग दोन महिने तिकडे फिरकायचंच नाही, असं करू नका. आठवड्यातून एकदा आत डोकवा. कुबट वास आला तर हवा कोंडली आहे असं समजा. उघडीप असेल तेव्हा ताडपत्री बाजूनं वर सारून ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधीच होडी उघडी करा आणि लाकडी हातोडीनं फळ्या हलकेच ठोकून पाहा. लाकूड ठणठणीत वाजलं तर ठीक. आवाज भद्द आला तर सुतार बोलवायला तेवढे दिवस हाताशी राहतात.