बाळंतपणाची बॅग आणि ऑस्ट्रेलियाचा विमानतळ

लेकीचं बाळंतपण मेलबर्नला किंवा सिडनीला असलं की इकडे आईची बॅग दोन महिने आधीपासून भरू लागते. डिंक, हळीव, खारीक, सुंठ, ओवा, बडीशेप, जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणि निघायच्या दिवशी शेजारणीने हातात ठेवलेला पेढ्यांचा पुडा. त्यासोबत सल्लेही भरपूर मिळतात. त्यांतले बरेच चुकीचे असतात, आणि त्यांची किंमत विमानतळावर त्या एकट्या आईला मोजावी लागते.

सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे, ‘उतरण्याआधी भरायच्या प्रवासी कार्डावर खाण्याच्या रकान्यात नाही लिहा, हो लिहिलंत तर बॅग उघडतील.’ उघडतीलही. पण ‘हो’ म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. आणलेलं सगळं नीट सांगितलं, तर त्यात मनाई असलेली वस्तू निघाली तरी दंड होत नाही. फार तर ती वस्तू जाते. शिक्षा आहे ती लपवल्याबद्दल किंवा चुकीचं लिहिल्याबद्दल. ते कार्ड कायदेशीर दस्तऐवज आहे. शेजारच्या प्रवाशाने भरून दिलं तरी जबाबदारी सही करणाऱ्याची. वस्तू सांगायची की नाही अशी शंका असेल, तर ‘हो’वरच खूण करायची.

‘एवढ्याशा वस्तूला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांनी डार्विनची गोष्ट ऐकावी. २०२२ मध्ये बालीहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात अंडं आणि बीफ सॉसेज घातलेले दोन मफिन आणि हॅमचा एक क्रोसाँ निघाला. त्याने ते कार्डावर लिहिले नव्हते. दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. विमानात मिळालेलं सँडविच, सफरचंद नंतर खाऊ म्हणून पर्समध्ये ठेवणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. २०१९ पासून तर अशा लपवाछपवीसाठी विमानतळावरच व्हिसा रद्द होऊ शकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला एका पर्यटक बाईंना कच्चं मांस न सांगता आणल्याबद्दल तसंच परत पाठवलं.

हा देश एवढा कडक का, हे समजलं की राग उरत नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियात गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला होता. आपल्याकडे हा रोग गोठ्यागोठ्यात माहीत आहे. ऑस्ट्रेलियात तो शेवटचा दिसला १८७२ मध्ये. त्याचा विषाणू दुधा-मांसातून प्रवास करतो. माणसाला त्याचा त्रास नसतो, म्हणून ‘आम्ही तर रोज खातो, काही होत नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. धोका आपल्याला नाही, त्यांच्या गुरांना आहे. पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलई यांना मनाई आहे ती याच कारणाने. मिठाईवाल्याचं नाव कितीही मोठं असो.

‘सीलबंद पाकीट चालतं’ हा समज तर शिकलेल्या घरांतही पक्का आहे. त्याचं उत्तर आपल्याच धान्याच्या कोठारात आहे. खपरा भुंगेरा ही भारतीय उपखंडातली कीड. तिची अळी पाकीट पोखरते, फटीत लपते आणि अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरते. साठवलेल्या धान्याचा इतका मोठा शत्रू गहू निर्यात करणाऱ्या देशाला परवडणारा नाही. म्हणून १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, गहू, हरभरे, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, जिरं, धणे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या आणायला बंदी आहे. पाकिटावर कंपनीचं नाव असलं तरी बंदी आहेच. कारखान्यात भाजून किंवा तळून पॅक केलेले पदार्थ या बंदीत येत नाहीत, पण कार्डावर तेही लिहायचे असतात. खरं तर हे सगळं वाहून न्यायची गरजच नाही. मेलबर्नमध्ये डँडेनाँगला आणि सिडनीत हॅरिस पार्कला भारतीय किराण्याची दुकानं आहेत. डाळ-तांदूळ, जिरं-धणे तिथेच घ्यावेत.

आणखी एक गल्लत पैशांची. प्रौढ प्रवाशाला ९०० डॉलरपर्यंतचं सामान करमुक्त नेता येतं, म्हणून त्या रकमेत बसणारं काहीही चालेल असं लोक धरून चालतात. ही सवलत फक्त कराची आहे. खाद्यपदार्थांचा नियम वेगळा. रोख रकमेवर मर्यादा नाही, मात्र १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असतील तर सांगावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, चिठ्ठीसकट न्यावीत. आयुर्वेदिक चूर्णं, काढ्याच्या मुळ्या, लाकडी पोळपाट हेही सांगण्याच्याच वस्तू. गावाकडे शेतात फिरून आलेली चप्पल धुऊन घ्या आणि शेतात गेला होतात हेही कार्डावर सांगा.

आईची बॅग भरताना एक काम मुलांनी करावं. खाण्याचं सगळं एकाच पिशवीत, सर्वांत वर. सोबत कागदावर ठळक अक्षरांत इंग्रजी नावं: डिंकापुढे ‘एडिबल गम’, हळिवापुढे ‘गार्डन क्रेस सीड्स’, सुंठीपुढे ‘ड्राय जिंजर’. इंग्रजी बोलायला संकोचणाऱ्या आईने तो कागद आणि कार्ड अधिकाऱ्यापुढे धरलं की पुरतं. हळीव त्यांनी काढून घेतलेच, तर ते तिथे ठेवून तिला पुढे जाऊ द्या. बाहेर लेक वाट पाहत उभी असते.