*मागच्या चाकातून ऑइल गळतंय? मृगाच्या आधी सील बदलून घ्या*



आपल्या शेंद्रा-करमाड पट्ट्यात मोसंबीच्या बागेत आणि कपाशीच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर रोज राबतो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट मातीचा थर दिसला, की "चालतंय, वरून ऑइल टाकू" म्हणून पुढे ढकलू नका.

*धोका कुठे आहे?*
ड्राय ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये गळणारं ऑइल थेट ब्रेक लायनरवर जातं. एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा घसरतो आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. भरलेली ट्रॉली घेऊन जालना रोडवर, एमआयडीसीच्या कंटेनरमध्ये असं झालं तर जिवाशी गाठ. बऱ्याच ट्रॅक्टरला गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. ते कमी झालं की लिफ्ट मंदावते, गिअर झिजतात.

*सील का जातं?*
▪️ पऱ्हाटी, सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे एक्सलला गुंडाळले जातात आणि सीलचा ओठ कापतात.
▪️ ब्रीदर मातीने बुजतो. आत दाब वाढतो, ऑइल सीलमधून वाट काढतं.
▪️ बेअरिंग ढिलं झालं की एक्सल हलतो. अशा वेळी नवं सीलही टिकत नाही.
▪️ ऑइल खुणेच्या वर भरलेलं असतं.

*आधी खात्री करा*
जागा डिझेलने पुसा, अर्धा तास काम करा, मग बघा. ऑइल हाउसिंगच्या जोडातून येत असेल तर दुखणं पॅकिंगचं किंवा ढिल्या बोल्टचं आहे. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सगळं ऑइल बदला.

*काम करताना*
१) सपाट, कडक जागा घ्या. पुढच्या चाकांना ओट लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली लाकडी ठोकळे द्या. टायरात पाणी असेल तर चाक काढायला दोघं हवेत.
२) ऑइल स्वच्छ डब्यात काढा. विहिरीजवळ, बांधावर ओतू नका.
३) शिम किती आणि कुठे होत्या ते लिहून ठेवा. तेवढ्याच परत बसवा.
४) जुनं सील दुकानात सोबत न्या. त्यावर आकाराचे तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.
५) सील जिथे घासतं तिथे एक्सलवर नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. ती दुरुस्त न करता सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.
६) स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवा. ओठाला ग्रीस लावा. एक्सलच्या दात्यांवर टेप गुंडाळा, म्हणजे ओठ फाटणार नाही. सील पाइपच्या तुकड्याने सरळ, सारखं दाबत बसवा. एका कडेवर हातोडी मारू नका.
७) ऑइल प्यालेलं लायनर धुऊन वापरू नका, नवीन टाका.

बेअरिंग काढायला प्रेस लागतो. ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण वरचे मुद्दे त्याच्यासमोर उभं राहून तपासा.

शेवटी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल खुणेपर्यंत भरा, ब्रीदर साफ करा. मोकळ्या जागेत दोन्ही पेडल जोडून ब्रेक बघा. पहिल्या काही तासांच्या कामानंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

आणि रोटाव्हेटर मारून घरी आलात की दोन मिनिटं वाकून एक्सलची सुतळी काढा. सील वाचवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

शंका असेल तर गळतीचा फोटो याच नंबरवर पाठवा.