तपकिरी कागद ते मोबाईलचा पडदा

आपल्या हॉस्टेलमध्ये 'गे' हा शब्द दिवसातून किती वेळा ऐकू येतो? दोन मुलं एका ताटात जेवली तरी अख्खी मेस चिडवते. पण ज्याला हा शब्द स्वतःबद्दल खरा वाटतो, त्याने वाचायचं काय? त्याच्यासाठी ऑनलाइन मासिकं आहेत. ती कशी चालतात ते थोडक्यात सांगतो.

सुरुवात छापील अंकापासून करू. १९९० साली मुंबईत पत्रकार अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' काढलं. तेव्हा कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध हा गुन्हा होता. त्यामुळे अंक तपकिरी कागदात गुंडाळून हातोहात जायचा. कागद, छपाई, टपाल... प्रत्येक जादा प्रतीला जादा खर्च, आणि जाहिरात द्यायला कोण पुढे येणार? २००२ मध्ये अंक बंद पडला, २००९ मध्ये पुन्हा निघाला.

दरम्यान इंटरनेट आलं. २००८ मध्ये 'गेसी' सुरू झालं. नाव कसं बनलं? 'गे' अधिक 'देसी'! २०१० मध्ये 'गेलॅक्सी' आलं. ते काढणारा सुखदीप सिंग हा सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. पुढे त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

आता आपल्या भाषेत गणित. ऑनलाइन अंकाला मुख्य खर्च डोमेन आणि होस्टिंगचा. वाचक शंभर असोत की दहा हजार, खर्चात फारसा फरक पडत नाही. पोस्टमन नको, पेपरवाला नको, तपकिरी कागदही नको. लहान गावातला मुलगा पांघरुणात शिरून वाचू शकतो.

आणि 'स्वतंत्र' म्हणजे काय? मागे मोठी वृत्तपत्र कंपनी नाही. काय छापायचं ते एलजीबीटी समाजातलीच माणसं ठरवतात. इतर पेपरांना त्यांची आठवण बहुधा कोर्टाच्या निकालादिवशी येते. इथे मात्र प्रेम, नोकरी, घरभाडं, आईला कसं सांगायचं, असं रोजचं जगणं असतं. तोटाही आहे. मालक नाही म्हणजे पगार देणाराही नाही! बरंचसं काम नोकरी सांभाळून, हौसेने होतं.

या काळात कायदा झोपाळ्यासारखा हलला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०२३ मध्ये मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. अशा वेळी निकालाचा अर्थ आपल्या माणसाकडून समजणं फार मोलाचं असतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. या विषयावरचे इंग्रजी शब्द मला पाठ होते, पण आजीशी बोलायला मराठी शब्दच नव्हते. माझ्या एका मित्राला तर अकरावीपर्यंत वाटायचं की जगात असा आपण एकटेच. मग त्याने अशाच मासिकात दुसऱ्या एका मुलाचा अनुभव वाचला. "त्या रात्री नीट झोप लागली," असं तो म्हणाला. एका लेखाने याहून जास्त काय करायचं?

कायदा बदलला, आता मेसमधली भाषा बदलणं आपल्या हातात आहे. तेवढं करूया. आणि रात्री दोन वाजता कुणी एकटाच मोबाईलवर वाचत बसलेला दिसला, तर कृपया डोकावू नका. वाचू द्या त्याला.