यंत्र मिळाले, पण वाणीचे काय?

जन्मतः ऐकू न येणारे मूल इतर मुलांसारखेच हसते, रडते, आईकडे टक लावून पाहते. त्यामुळे त्याचे बहिरेपण घरात लवकर लक्षात येत नाही. दोन वर्षांचे झाले तरी ते बोलत नाही म्हणून आई काळजी करू लागते, तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे सांगून वडीलधारी मंडळी धीर देतात. या धीरातच मोलाचा काळ निघून जातो.

मेंदूतील ध्वनी ओळखणारा भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक वेगाने घडतो. या काळात कानावर बोल पडले नाहीत, तर पुढे दिलेल्या उत्तम यंत्राचाही लाभ मर्यादितच राहतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे.

जालन्यासारख्या जिल्ह्यात तो पाळणे सोपे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल फडावर आणि उपचार गावाकडे, अशी स्थिती वर्षातील काही महिने असते.

योजना नाहीत असे नव्हे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते. तीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून अल्प उत्पन्न गटाला श्रवणयंत्र मिळते. २०१४ पासून याच योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही साहाय्य दिले जाते. मुंबईतील अली यावर जंग संस्था त्याचे नियोजन करते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी मात्र वयाची अट पाच वर्षांची असल्याने दिरंगाई महागात पडते.

खरी परीक्षा यंत्र मिळाल्यानंतर सुरू होते. चष्मा लावताच दिसू लागते, तसे यंत्र लावताच बोलणे समजू लागत नाही. आवाज आहे की नाही हे जाणणे, दोन आवाजांतील फरक ओळखणे, शब्द ओळखणे आणि अखेर अर्थ समजणे, या पायऱ्या मुलाला एकेक करून चढाव्या लागतात. त्यासाठी दोन-तीन वर्षे नियमित श्रवण व वाचा उपचार आवश्यक असतात. तज्ज्ञ बहुधा शहरात असतो. शस्त्रक्रियेला मदत मिळाली तरी दर आठवड्याची खेप, बुडालेली मजुरी, यंत्राच्या बॅटऱ्या व तुटलेली वायर यांचा भार कुटुंबावरच पडतो. परिणामी लाखमोलाचे यंत्र डब्यात पडून राहण्याची वेळ येते.

या उपचाराचा मोठा भाग घरातच होतो, ही दिलासा देणारी बाब आहे. भाकरी थापताना, पाणी भरताना, फडावर मोळी बांधताना आईने मुलाशी आपल्या बोलीत सतत बोलत राहणे, हाच त्याचा गाभा होय. डॅनिएल लिंग या तज्ज्ञाने सुचविलेली सहा ध्वनींची चाचणीही घरी घेता येते. तोंड हाताआड करून आ, ई, ऊ, म, स, श हे ध्वनी उच्चारायचे आणि मूल प्रतिसाद देते का ते पाहायचे. यंत्र नीट चालते की नाही, हे त्यावरून रोज कळते. अक्षरओळख नसलेली आईही हे शिकू शकते. मात्र तिला ते कुणीतरी शिकवायला हवे.

साहाय्य करू इच्छिणाऱ्या संस्था व दात्यांनी याच टप्प्याकडे लक्ष द्यावे. यंत्रवाटपाच्या शिबिरासोबत वर्षभराच्या बॅटऱ्या, दुरुस्ती, मातेची बुडित मजुरी आणि हंगामात भ्रमणध्वनीवरून तज्ज्ञाचे मार्गदर्शन, अशी तरतूद करता येईल. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून देणे हीसुद्धा मोठी मदत ठरते, कारण एस.टी.ची ७५ टक्के सवलत त्यावरच अवलंबून असते.

प्रत्येक मुलाला यंत्राचा पुरेसा लाभ होईलच असे नाही. अशा मुलांसाठी सांकेतिक भाषा ही स्वतंत्र आणि समर्थ भाषा आहे. तिच्याकडे वळणे म्हणजे हार नव्हे. मार्ग कोणताही असो, पहिल्या तीन वर्षांत मुलाला भाषा मिळाली पाहिजे. बापाच्या खिशात बसभाडे नाही, एवढ्या कारणाने ती नाकारली जाऊ नये.