मुंबई फाइव्ह्‌ज

बंदिस्त क्रीडागृहात खेळल्या जाणाऱ्या फुटसालचा एक अल्पायुषी व्यावसायिक संघ. हा क्रीडाप्रकार ह्वान कार्लोस सेरियानी याने १९३० मध्ये माँतेव्हिदेओ (यूरग्वाय) येथे सुरू केला. सुमारे ४० × २० मी. क्रीडांगणावर प्रत्येक संघाचे पाच खेळाडू खेळतात. चेंडू कमी उसळणारा असल्याने धावण्याच्या वेगापेक्षा पायातील हुकमतीस महत्त्व येते.

जुलै २०१६ मध्ये चेन्नई व गोवा येथे झालेल्या ‘प्रीमियर फुटसाल’ या खासगी स्पर्धेत सहा शहरनामधारी संघ उतरले. रायन गिग्ज हा मुंबईचा, तर रोनाल्डिन्यो हा गोव्याचा प्रमुख खेळाडू. रोनाल्डिन्योने बंगळूरविरुद्ध पाच गोल केले. परंतु तो लवकरच परतला व काफू त्याच्या जागी आला. अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला पेनल्टी फटक्यांवर हरविले. गंमत अशी, की या विजेत्यांचा एकही सामना मुंबईत झाला नव्हता.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने स्पर्धेस मान्यता नाकारली होती. त्यामुळे नामवंतांच्या आकर्षणापलीकडे संघाला स्थानिक क्लबांचा व कनिष्ठ खेळाडूंचा पाया लाभला नाही. २०१७ मध्ये ‘मुंबई वॉरियर्स’ या नावाने मुंबईचा संघ पुन्हा उतरला. पुढे स्पर्धाच बंद पडली. महासंघाने स्वतःची क्लब फुटसाल स्पर्धा २०२१ मध्ये दिल्लीत भरविली.