नाम आणि लक्षण : रानातील काही लहान साप

मराठीत लहान सापांची काही नावे ‘-या’ हा प्रत्यय लागून सिद्ध झालेली आहेत. कवडीवरून कवड्या, गवतावरून गवत्या, खापर व खवला यांवरून खापरखवल्या. ही नावे म्हणजे संक्षिप्त वर्णनेच होत. प्रत्येकात एखादे ठळक लक्षण टिपलेले आहे. रानात बिनविषारी साप ओळखू पाहणाऱ्यास ती कितपत उपयोगी पडतात, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात पालापाचोळ्याखाली व दगडांच्या आश्रयाने खापरखवल्या आढळतो. त्याचे शेपूट तिरपे छाटल्यासारखे बोथट असून त्यावरील खडबडीत खवल्यांना माती चिकटते. येथे नाम व लक्षण यांचा मेळ पुरता बसतो. गांडुळे हे त्याचे मुख्य अन्न. तशाच ओल्या मातीत सापडणारा वाळा पुष्कळदा गांडूळच समजला जातो. परंतु गांडुळाच्या अंगावर वलये असतात, वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात, आणि तो जीभ बाहेर काढतो.

कवड्याच्या बाबतीत मात्र एकाच लक्षणावर विसंबणे जिवावर बेतू शकते. त्याच्या अंगावर असतात तसे फिकट आडवे पट्टे अतिविषारी मण्यारीच्या अंगावरही असतात. शिवाय दोघेही निशाचर. भेद आहे तो पट्ट्यांच्या मांडणीत. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेच्या बरेच मागे सुरू होतात, शेपटीकडे स्पष्ट होतात व पुष्कळदा जोडीने असतात. तिच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते. पण ती न्याहाळण्याइतके जवळ कोणी जाऊ नये. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो.

गवत्याचेही तसेच. तो हिरवा असून सामान्यतः निरुपद्रवी मानला जातो. परंतु विषारी चापडाही हिरवाच असतो. चापड्याचे डोके रुंद, त्रिकोणी व मानेपासून स्पष्टपणे वेगळे दिसते.

तात्पर्य, नाव एका लक्षणावरून पडते. ओळख मात्र अनेक लक्षणांच्या मेळातूनच पटते. हा विवेक सुटला की मण्यार समजून कवड्या मारला जातो, आणि कवड्या समजून मण्यार हाती धरली जाते. जेथे मेळ बसत नाही, तेथे साप विषारी मानून दूर राहावे व त्यास त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, हेच शहाणपणाचे होय.